पोरगं गाळात गेलं तर?

निकाल लागला की उंब्रजकडचे पालक हमखास विचारतात, "पर्यावरण घेऊन पुढं काय? पोरगं गाळात जायचं!" मी म्हणतो, जाऊ द्या की. काम गाळातच आहे.

खात्री करायची तर तारळी कृष्णेला मिळते तिथला काठचा गाळ प्लास्टिकच्या बाटलीत भरा. त्यात वर्तमानपत्राचे कपटे आणि उकडलेल्या अंड्याचा बलक कालवा, वर बोटभर पाणी ठेवा, झाकण सैल लावा आणि बाटली खिडकीत ठेवून द्या. काही आठवड्यांत वरचा पातळ थर तपकिरी राहतो, खाली काळे पट्टे धरतात. झाकण काढलं की सडक्या अंड्याचा वास येतो. हवा न पोचलेल्या गाळात जिवाणू सल्फेटपासून सल्फाइड तयार करतात, ते लोखंडाला चिकटतं आणि गाळ काळा पडतो. तांबं, जस्त, शिसं, कॅडमियमही असंच अडकतं.

सांडपाण्यातले धातू अडवायला बांधतात ती कृत्रिम पाणथळ म्हणजे हीच बाटली, फक्त एकरभर. पाणी संथ केलं की कण खाली बसतात. चिकणमाती, कुजका पाला आणि लोहाचे गंज धातूंना धरून ठेवतात. पाणकणीस, नळ ही झाडं धातू पिऊन टाकतात असं पुष्कळांना वाटतं, पण बहुतेक वेळा त्यांच्या वाट्याला थोडंच येतं, बाकी सगळं गाळात साठतं. अमेरिकेत सव्हाना नदीकाठच्या अणुप्रकल्पाने सांडपाण्यातलं तांबं अडवायला अशी पाणथळ बांधली. आपल्याकडे नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेचं 'फायटोरिड' याच घराण्यातलं, पण ते मुख्यतः मैलापाण्यासाठी आहे.

खरी मेख पुढेच आहे. धातू कुजत नाही, जळत नाही. तोच काळा गाळ उपसून बांधावर पसरला की हवा लागते, सल्फाइड मोडतं आणि अडकलेला धातू पुन्हा पाण्यात उतरू शकतो. म्हणून पाणथळ बांधून काम संपत नाही. कुठल्या थरात किती धातू साठला, उपसा कधी करायचा आणि उपसलेला गाळ कुठे न्यायचा, हे वर्षानुवर्षं कुणाला तरी मोजावं लागतं. तो माणूस तुमचा मुलगा किंवा मुलगी असू शकते. (मुलीला गमबूट शोभत नाहीत, हे कृपया मला सांगू नका.)

वाटा बऱ्याच आहेत. दहावीनंतर आयटीआयचा केमिकल प्लांटमधल्या लॅब असिस्टंटचा ट्रेड घेता येतो. बारावीनंतर कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात, जे १९६० पासून चालू आहे, सिव्हिल करता येईल. नाहीतर रसायन किंवा सूक्ष्मजीवशास्त्रात बीएस्सी करून कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्राची एमएस्सी. गेट या प्रवेश परीक्षेत २०२१ पासून पर्यावरणाचा स्वतंत्र पेपर आहे, तो दिला की आयआयटी मुंबईकडेही बघता येतं. गणित की जीवशास्त्र यावर घरात भांडत बसू नका. रसायनशास्त्र तेवढं सोडू नका.

पगाराचं गुलाबी चित्र मी रंगवणार नाही. सुरुवातीला कंत्राटी कामं, खासगी प्रयोगशाळा आणि कारखान्यांचे सांडपाणी प्रकल्प हेच मिळतं. सरकारी जागा निघतात, पण त्यांच्यावर डोळा लावून घरी बसू नये.

प्रवेश घेण्याआधी त्या विभागात स्वतः जा. धातू मोजायचं अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शन यंत्र दाखवा म्हणा. ते कापडाखाली झाकून ठेवलेलं दिसलं, तर दुसरं कॉलेज बघा.