वाटाड्यासोबतची सहल आणि प्रवासवर्णन

वाटाड्याच्या मागोमाग एका दिवसात आटोपलेली सहल प्रवासवर्णनाचा विषय होऊ शकते काय, या मर्यादित प्रश्नाचा विचार आपण या घटकात करणार आहोत. अशा सहलीत वाट दुसऱ्याची, वेळ ठरलेली आणि पाहण्याची ठिकाणेही आधीच नेमलेली असतात. मग लेखकाचे स्वतःचे असे काय उरते?

उदाहरण जवळचे घेऊ. आपण आकुर्डीत राहता, कारखान्यातील पाळ्या सांभाळून अभ्यास करता आणि साप्ताहिक सुट्टीला एका गटाबरोबर सांदण दरी पाहण्यास निघता, असे समजा. रात्री बस सुटते. चाकण, नारायणगाव, संगमनेर मागे पडते. अकोले तालुक्यातील साम्रद येते तेव्हा उजाडू लागलेले असते. गावातीलच एक वाटाड्या पुढे होतो आणि गट खाली उतरू लागतो.

‘दरी’ हा शब्द येथे रूढ असला, तरी ‘घळ’ हा अधिक नेमका आहे. दोन्ही अंगांना बेसाल्टचे उभे कडे, तळाशी धोंडे आणि डोह, माथ्यावर आकाशाची चिंचोळी पट्टी. ‘निसर्गाचा चमत्कार’, ‘अविस्मरणीय अनुभव’ हे शब्द कोणत्याही स्थळाला चिकटवता येतात, म्हणून ते टाळावेत. त्याऐवजी गुडघ्यावरून कमरेपर्यंत चढणारे डोहाचे थंड पाणी, पाऊल टाकण्यापूर्वी चाचपून पाहिलेला डगमगता धोंडा, कड्यांमध्ये घुमणारा सोबत्याचा आवाज यांची नोंद करावी. हे सारे आपल्या इंद्रियांनी टिपलेले असते, आणि तेवढ्यावरही बरा लेख होतो.

पण केवळ बरा. वाटाड्या मधेच थांबून डोक्याच्याही वर, खडकाच्या फटीत अडकलेला वाळका पालापाचोळा दाखवतो, असे समजा. आपणास तो कचरा वाटेल. त्याला ती गेल्या पावसाळ्यातील पाण्याची खूण असते. ऐन पावसाळ्यात या घळीत उतरत नाहीत, हे आपण सूचनापत्रकात वाचलेले असेलच. ते का, हे तो पाचोळा सांगतो.

अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटात पेज या गावाजवळ अँटिलोप कॅन्यन ही वालुकाश्मातील जगप्रसिद्ध घळ आहे. ती नवाहो या आदिवासी समाजाच्या भूमीत येते. इंग्रजी नावात हरणासारखा प्राणी आहे. वरच्या घळीच्या नवाहो नावाचा अर्थ मात्र ‘खडकांतून पाणी वाहते ती जागा’ असा होतो. छायाचित्रांत दिसतात ते नारिंगी कडे आणि वरून उतरलेला उन्हाचा झोत. पाणी दिसत नाही. 12 ऑगस्ट 1997 रोजी खालच्या घळीत पर्यटक उतरले असताना तेथे नाममात्र पाऊस होता. पाऊस कोसळला तो कित्येक मैल वरच्या बाजूस. त्याचा लोंढा घळीत शिरला आणि 11 पर्यटक मृत्युमुखी पडले. आज नवाहो भूमीतील अधिकृत वाटाड्याखेरीज तेथे कोणालाही प्रवेश मिळत नाही.

म्हणजे घळीच्या तळाशी उभ्या असलेल्या माणसाला जे दिसते, ते त्या स्थळाविषयीचे सर्वांत महत्त्वाचे सत्य नसूही शकते. ते स्थानिक माणसाच्या स्मरणात, कधी नुसत्या नावात असते. आपल्याकडील अनेक सहलवर्णनांत ‘आमच्या गाइडने सांगितले’ एवढ्यावर त्या माणसाची बोळवण होते. त्याचे नाव नाही, बोली नाही, तो कोठे पाहत होता याची नोंद नाही. (जेवणाच्या पदार्थांची यादी मात्र सविस्तर असते!) त्याचे शब्द शक्यतो त्याच्याच बोलीत, त्याच दिवशी टिपून घ्यावेत, दोन दिवसांनी ते आपल्याच प्रमाणभाषेत आठवू लागतात. नाव छापण्यापूर्वी त्याची संमती घ्यावी.

स्वाध्याय : वाटाड्यासोबत पाहिलेल्या एका स्थळाचे 200 शब्दांत वर्णन लिहा. त्यानंतर आपण स्वतः पाहिलेल्या गोष्टींखाली एक रेघ आणि वाटाड्याने दाखविल्यामुळे दिसलेल्या गोष्टींखाली दोन रेघा ओढा. दोन रेघांचे एकही वाक्य नसल्यास लेखनाचा दुसरा खर्डा करा.