मी शिकते आहे

मेक्सिको हा सातासमुद्रापलीकडचा देश. तेथील ओआहाका भागात खेडोपाडी लोक घरी सापोतेक, मिश्तेक अशा जुन्या भाषा बोलतात. २००३ साली कायद्याने या भाषांनाही राष्ट्रीय भाषांचा मान मिळाला. तरी दवाखान्यात, कचेरीत बहुधा स्पॅनिश भाषाच चालते.

समजा, एक खेडूत बाई आजारी मूल घेऊन दवाखान्यात आली. तिला स्पॅनिश थोडेच येते. डॉक्टर भरभर बोलतात. औषध किती वेळा द्यायचे, ते कळत नाही. तिने नुसती मान हलवली तर? मुलाच्या जिवावर बेतेल.

म्हणून तिने आधीच सांगावे :

"एस्तोय आप्रेन्दिएन्दो एस्पान्योल." म्हणजे, मी स्पॅनिश शिकते आहे.

"मास देस्पासिओ, पोर फावोर." म्हणजे, कृपा करून जरा सावकाश.

मग ऐकलेले आपल्या तोंडाने परत म्हणून दाखवावे. चुकले तर डॉक्टर सांगतील.

'येत नाही' म्हणण्यात कमीपणा नाही. न कळता 'हो हो' म्हणण्यात धोका आहे.

तुम्हीही नुकतेच वाचू लागला आहात. कुठे अडले, तर खुशाल म्हणा, "मी अजून शिकतोय. जरा सावकाश सांगा."