आईचे पत्र

एका पत्राने एका मोठ्या देशात काय घडवले, ते आज आपण वाचू या.

गोष्ट अमेरिकेतली. बायकांना मताचा हक्क हवा, अशी मागणी तिथे १८४८ साली एका सभेत झाली. सुझन अँथनी नावाच्या बाईंनी १८७२ साली मत टाकले. म्हणून त्यांना अटक झाली! १०० डॉलर दंड झाला. बाईंनी तो भरला नाही.

झगडा सत्तर वर्षे चालला. अखेर १९१९ साली देशाच्या संसदेने हा हक्क मान्य केला. पण तेवढ्याने भागणार नव्हते. तेव्हा राज्ये होती ४८. त्यांतल्या ३६ राज्यांचा होकार लागत होता. ३५ होकार आले आणि गाडे अडले.

मग पाळी आली टेनेसी राज्याची. तारीख १८ ऑगस्ट १९२०. सभागृह भरले. हक्काच्या बाजूचे लोक पिवळा गुलाब लावून आले, विरोधक तांबडा. हॅरी बर्न या २४ वर्षांच्या सभासदाच्या कोटाला तांबडा गुलाब होता.

प्रश्न पुढे ढकलावा काय, यावर आधी मते घेतली. दोन्हीकडे ४८! हॅरी विरोधकांकडे होता. मग खऱ्या प्रश्नावर एकेकाचे नाव पुकारले. हॅरी म्हणाला, "होय!" सारे थक्क झाले. छत्तिसावा होकार मिळाला.

हे कसं घडलं? बरं का, त्याच्या खिशात आईचे पत्र होते. आई विधवा. गावी शेतावर राहायची, वर्तमानपत्र वाचायची. बायकांच्या हक्काला मत दे, असे तिने लिहिले होते. मुलाच्या निवडणुकीत मत द्यायचा हक्क तिला नव्हता. पण हातात लेखणी होती.

तरीही दक्षिणेकडच्या काळ्या बायकांना मत देणे अवघडच राहिले. वाचनाची परीक्षा घेऊन त्यांना परत पाठवीत. १९६५ साली त्याविरुद्ध कडक कायदा झाला.

आपल्या घटनेने १९५० साली सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांना एकदमच मत दिले. अक्षर येतं का, असं इथं कुणी विचारत नाही. मग शिकायचं कशाला? मत पाच वर्षांतून एकदा द्यायचे. पत्र मात्र केव्हाही लिहिता येते.

लिहा : गावातली एक अडचण सांगणारे चार ओळींचे पत्र सरपंचांना लिहा. खाली स्वतःची सही करा.