केळ्याचा गोड लादी पाव : घरच्या कणकेचा, बेताच्या गोडीचा



आगमनकाळ सुरू झाला की आपल्या घरांतून करंज्या, शेव, अनारसे यांचे बेत सुरू होतात. त्याबरोबर अलीकडे आणखी एक गोष्ट आली आहे, ती म्हणजे बेकरीचा गोड बन आणि क्रीमरोल. पूर्वी तो सणाला येई. आता तो शाळेच्या डब्यात, शेतावरच्या न्याहारीत, आजाऱ्याला भेटायला जाताना हातातल्या पुड्यात असा रोजचाच झाला आहे. दुसरीकडे आपल्याच मळ्यात व्यापाऱ्याने बाजूला काढलेली, डागाळलेली, जास्त पिकलेली केळी उकिरड्यावर जातात किंवा जनावरांपुढे पडतात. या दोन गोष्टींची सांगड घालता येईल काय, याचा विचार आज या पानावर करायचा आहे.

लादी पाव आपल्याला परका नाही. एका पत्र्यात गोळे चिकटून लावायचे, ते फुगून एकमेकांना लागले की भाजायचे, आणि खाताना एकेक तोडून घ्यायचा, इतकाच तो प्रकार. आपल्याकडे पाव आला तो पोर्तुगीजांबरोबर, गोव्याच्या आणि वसईच्या वाटेने. गोव्यात पाव भाजणाऱ्याला आजही पोदेर म्हणतात. यीस्टचे डबे मिळू लागण्यापूर्वी तिथे पीठ फुगवायला माडाची माडी वापरीत. तिथे कोंड्यासकट पिठाची पोईसुद्धा होते, आणि आमच्या मते पावाच्या सगळ्या भावंडांत तीच गुणाची. बुऱ्हाणपूरच्या लोकांना तर भाजण्याची कला नव्याने शिकवायला नको. शहरातले मांडे सर्वांना ठाऊक आहेत आणि खेड्यात गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर बट्टी भाजणारे हात घरोघर आहेत.

बेकरीचा गोड बन वाईट का, तर तो बेकरीचा आहे म्हणून नव्हे. तो बहुधा निव्वळ मैद्याचा असतो, किलोभर मैद्याला दीडशे ते अडीचशे ग्रॅम साखर हे त्याचे नेहमीचे प्रमाण, आणि त्यात स्वस्तातले वनस्पती तूप. शंभर ग्रॅम कणकेत सुमारे 11 ग्रॅम चोथा असतो, तेवढ्याच मैद्यात जेमतेम 3 ग्रॅम. चोथा गेला की पोट लवकर रिकामे होते आणि रक्तातली साखर भराभर चढते. पीठ फुलावे म्हणून पोटॅशियम ब्रोमेट घालण्याची चाल होती. 2016 साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने पावाचे नमुने तपासले, त्यांतील बहुतेकांत असले रसायन आढळले आणि त्याच वर्षी सरकारने ब्रोमेटवर बंदी घातली. वनस्पती तुपातल्या अपायकारक ट्रान्स फॅटवरही 2022 पासून शंभरात दोन भागांची मर्यादा आहे. कायदा चांगला झाला, पण घरी केलेल्या पावात काय पडले हे पाहायला कायद्याची गरज लागत नाही.

आता गुळाविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे, कारण या बाबतीत आपल्या लोकांत मोठा गैरसमज आहे. साखर बंद केली आणि गूळ सुरू केला की मधुमेहाला चालते, असे पुष्कळजण समजतात. तसे नाही. गूळ हीही साखरच आहे. तिच्यात थोडे क्षार असतात इतकेच, आणि ते अंगी लागावेत इतका गूळ खाल्ला तर क्षारांच्या फायद्यापेक्षा साखरेचा तोटा मोठा होतो. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा शहरी शेठलोकांचा आजार राहिलेला नाही. पंपाने पाणी, ट्रॅक्टरने नांगरट आणि मोटारसायकलने मळ्यात जाणे सुरू झाल्यापासून शेतकऱ्याचेही अंग पूर्वीइतके झिजत नाही, जेवण मात्र पूर्वीचेच आहे. म्हणून खालच्या पावात गूळ मुद्दाम कमी ठेवला आहे. गोडी प्रामुख्याने केळ्याची.

केळे हिरवे असताना त्यात पिष्ट भरलेले असते. पिकता पिकता त्या पिष्टाची साखर होते. सालीवर काळे ठिपके पडलेले केळे सर्वांत गोड, आणि तेच बाजारात कोणी घेत नाही. पावाला नेमके तसलेच हवे. मात्र आतून काळे पडलेले, आंबूस वासाचे किंवा बुरशी आलेले केळे घेऊ नये. कॅल्शियम कार्बाइडने पिकवलेले केळेही नको. ती रीत कायद्याने बंद आहे, आणि अशी केळी बाहेरून पिवळी दिसली तरी आत पुरती पिकलेली नसतात. घरच्या घडाची एखादी फणी कोठीत चार दिवस झाकून ठेवली की काम होते.

गव्हाविषयी शेतकऱ्याच्या नजरेने दोन शब्द. बन्सी किंवा कठिया गहू रवा, शेवया, दलिया यांना उत्तम, पण त्याच्या कणकेला फुगून टिकण्याइतका ताण नसतो, पाव जड होतो. पोळीला मऊ पडणारा लोक-1 किंवा शरबती घ्यावा आणि चक्कीवाल्याला बारीक दळायला सांगावे. निव्वळ कणकेचा पाव पहिल्याच खेपेस केला तर घरातली मुले तोंड फिरवतात. म्हणून सुरुवातीला पाचात दोन भाग मैदा ठेवावा, सवय झाली की तो कमी करीत न्यावा.

वीस लहान पावांचे प्रमाण असे : कणीक 300 ग्रॅम, मैदा 200 ग्रॅम, चांगली पिकलेली केळी सोलून 200 ग्रॅम (मध्यम आकाराची दोन), गूळ 40 ग्रॅम, दूध 150 मिलिलिटर, गुळासाठी पाणी 50 मिलिलिटर, तूप किंवा शेंगदाण्याचे तेल 40 ग्रॅम, कोरडे यीस्ट दोन सपाट चहाचे चमचे, मीठ एक सपाट चमचा, वेलची. वरून लावायला भाजलेले तीळ आणि शेंगदाण्याचे कूट मिळून एक वाटी.

गूळ कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा व निवू द्यावा. गरम दुधात गूळ टाकला तर दूध फाटते, हे गृहिणींना सांगायला नको, पण घाईत विसरते. दूध उकळून कोमट करावे, करंगळी सुखाने बुडवता येईल इतपतच. त्याहून गरम असले तर यीस्ट मरते आणि मग पीठ कितीही वेळ ठेवले तरी हलत नाही. यीस्ट दुधात दहा मिनिटे ठेवावे. फेस आला तर ते जिवंत आहे. आला नाही तर तिथेच थांबावे, पीठ वाया घालवू नये. मग केळी कुस्करून, गुळाचे पाणी, दूध, कणीक व मैदा एकत्र कालवून अर्धा तास नुसते झाकून ठेवावे. कणकेतला कोंडा पाणी सावकाश पितो. त्याला हा वेळ दिला की मळणे निम्मे होते. त्यानंतर मीठ, वेलची आणि बहुतेक तूप घालून दहा-बारा मिनिटे मळावे. चमचाभर तूप मागे ठेवावे. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल, हाताला किंचित चिकटणारे असावे. चिकटते म्हणून वरून पीठ टाकत राहिले तर पाव दगड होतो, आणि शंभरात नव्वद पाव इथेच बिघडतात.

झाकून ऊबेत ठेवावे. उन्हाळ्यात तासाभरात दुप्पट होते, डिसेंबरच्या थंडीत दोन-अडीच तासही लागतात. घड्याळाकडे न पाहता पिठाकडे पाहावे. यीस्ट हे जिवंत, डोळ्यांना न दिसणारे जीव. ते साखर खाऊन वायू आणि थोडा मद्यार्क सोडतात. वायूने पीठ फुगते, मद्यार्क भट्टीत बहुतेक उडून जातो, म्हणून दारू सोडल्याची शपथ घेतलेल्यांनी मनात किंतू आणू नये. प्रभू येशूने देवाच्या राज्याला खमिराची उपमा दिली (मत्तय 13, लूक 13), तेव्हा त्या स्त्रीने खमीर तीन मापे पिठात लपवले असे सांगितले आहे. तीन मापे म्हणजे एका चुलीपुरते पीठ नव्हे, गावजेवणाचे. आणि ‘लपवले’ हा शब्द ज्याने पीठ मळले आहे त्यालाच पुरता कळतो. मिसळल्यावर खमीर कुठे गेले ते कोणालाच दाखवता येत नाही, फक्त पीठ वर आलेले दिसते.

फुगलेल्या पिठाचे वीस गोळे करावे. प्रत्येकाला राखलेल्या तुपाचे बोट लावून तीळ-कुटात लोळवावे आणि तूप लावलेल्या डब्यात अर्धा बोट अंतर ठेवून मांडावे. कूट मध्ये राहिल्याने भाजल्यावर गोळे सहज सुटतात. साखर-लोण्यात घोळवलेल्या परदेशी पावातही हीच युक्ती असते, आपण साखरेच्या जागी तीळ घेतला. पाऊण तासाने गोळे एकमेकांना टेकले की वरून दूध लावून भाजायला घ्यावे.

ओव्हन असेल तर 180 अंशांवर पंचवीस-तीस मिनिटे. बहुतेक घरी तो नाही. जुना, रोजच्या वापरातून गेलेला कुकर घ्यावा, तळाशी बोटभर जाड मीठ किंवा धुऊन वाळवलेली वाळू पसरावी, वर तिवई ठेवावी. झाकणाची रबरी रिंग आणि शिट्टी दोन्ही काढलीच पाहिजेत. ती ठेवून कोरडा कुकर तापवणे जिवावरचे आहे, आणि हे काम मुलांवर सोपवू नये. दहा मिनिटे तापवून डबा आत ठेवावा, मंद आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटे. कुकर लहान असेल तर दोन खेपा कराव्या. चुलीवर करायचे तर जाड बुडाचे पातेले, खाली थोडे निखारे आणि झाकणावर राख टाकून जास्त निखारे. वरचा रंग याच रीतीने उत्तम येतो, कुकरात तो फिकाच राहतो. पाव उलटा करून बुडाशी टिचकी मारावी, पोकळ आवाज आला तर झाला. तासभर निवल्याशिवाय तोडू नये, केळ्यामुळे आतून ओलसर असतो.

आता कोणी किती खावा? असा एक पाव म्हणजे पिठाच्या व साखरेच्या हिशेबाने साधारण एका मोठ्या पोळीइतका. मधुमेह असलेल्याने तो जेवणावर वरकड न घेता एका पोळीच्या जागी घ्यावा, दूध-साखरेच्या चहात बुडवून तर नकोच. मूत्रपिंडाच्या विकारात डॉक्टरांनी केळे वर्ज्य सांगितले असेल तर हा पावही वर्ज्य. गव्हाने ज्यांना जुलाब लागतात, वजन घटते, त्यांनी तपासणी करून घ्यावी, कणकेचा असला तरी तो गहूच आहे. वाढत्या मुलाला शेंगदाण्याच्या चटणीबरोबर दोन पाव आणि पेलाभर दूध ही क्रीमरोलपेक्षा कितीतरी भली न्याहारी आहे.

केळ्याचा पाव दुसऱ्या दिवसापर्यंत चांगला राहतो, तिसऱ्या दिवशी त्याला बुरशी धरते. उरला तर काप करून तव्यावर कडक भाजावे आणि डब्यात ठेवावे, तेही दोन-तीन दिवसांत संपवावे. महिला मंडळाने नाताळासाठी विकायला करायचा विचार केला, तर आधी अन्न सुरक्षा खात्याकडे नोंदणी करावी लागते आणि पुड्यावर भाजल्याची तारीख घालावी. तीळ आणि शेंगदाणा आत आहे हेही ठळक लिहावे, काहींना त्याची ॲलर्जी असते.