पोकळीची रचना : वायू धरून ठेवणारे सेंद्रिय पिंजरे

2021 च्या उन्हाळ्यात प्राणवायूच्या एकेका सिलिंडरसाठी झालेली धावपळ आपण कोणीही विसरलेलो नाही. त्या दिवसांत अनेक घरांत आलेल्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरमध्ये झिओलाइट या सच्छिद्र पदार्थाचे दाणे असतात. त्यांच्या सूक्ष्म छिद्रांत हवेतील नायट्रोजन अधिक घट्ट धरला जातो व प्राणवायू पुढे जातो. वायूचे रेणू घन पदार्थाच्या पृष्ठभागावर असे धरले जाणे म्हणजेच अधिशोषण होय.

झिओलाइटची छिद्रे एका अखंड जाळीत असतात. त्याऐवजी प्रत्येक रेणूच आतून पोकळ घडवता येईल काय? इंग्लंडमधील लिव्हरपूल विद्यापीठात अँड्र्यू कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये तसे सच्छिद्र सेंद्रिय पिंजरे सिद्ध करून दाखविले. त्यांच्या रचनेतील तीन गोष्टी आपण समजून घेऊ.

पहिली गोष्ट सांगाड्याची. तीन हात असलेले चार अल्डिहाइड रेणू आणि दोन हात असलेले सहा डायअमाइन रेणू एकत्र येतात, बारा इमिन बंध जुळतात व चतुष्फलकाच्या आकाराचा पिंजरा तयार होतो. ही अभिक्रिया दोन्ही दिशांनी घडते. त्यामुळे चुकीचा जुळलेला बंध तुटून पुन्हा योग्य जागी जुळू शकतो.

दुसरी गोष्ट बाहेरच्या कोपऱ्यांची. सांगाडा तोच ठेवून केवळ डायअमाइन बदलले, तर स्फटिकातील पिंजऱ्यांची मांडणी बदलते. एका मांडणीत स्फटिकाला सच्छिद्रताच उरत नाही. दुसरीत मात्र पिंजऱ्यांच्या खिडक्या समोरासमोर येऊन सलग वाटा तयार होतात. अशा एका ग्रॅम पदार्थाचे पृष्ठफळ 624 चौरस मीटरपर्यंत भरले. म्हणजे आपली जवळजवळ पाच कबड्डीची मैदाने! पोकळीचे माप झेनॉनच्या अणूशी जुळल्याने अशा पिंजऱ्याने झेनॉन व क्रिप्टॉन वेगळे करता येतात, हे 2014 मध्ये दिसून आले. शिवाय हे पिंजरे द्रावकात विरघळतात. त्यामुळे त्यांचे पातळ पडदेही करता येतात.

तिसरी गोष्ट टिकाऊपणाची. इमिन बंध जुळताना पाणी बाहेर पडते आणि तेच पाणी तो बंध पुन्हा तोडू शकते. या अडचणीवरील एक उपाय आपल्या खंडाळ्याहून महामार्गाने अवघ्या दोन तासांच्या आत गाठता येणाऱ्या पुण्यात, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, सापडला. डॉ. राहुल बॅनर्जी व सहकाऱ्यांनी अल्डिहाइडशेजारी हायड्रॉक्सिल गट ठेवले. बंध जुळल्यावर हायड्रोजन ऑक्सिजनकडून नायट्रोजनकडे सरकतो आणि रचना पक्की होते, परतीची वाट बंद होते. 2012 मध्ये सपाट जाळ्यांत व 2017 मध्ये पिंजऱ्यांत हीच युक्ती वापरून आम्ल व आम्लारीतही टिकणारे पदार्थ मिळाले.

कारण बदलले की परिणाम बदलतो, ही प्रतीत्यसमुत्पादाची दृष्टी आपण वंदनेनंतरच्या प्रवचनांत ऐकत आलो आहोत. प्रयोगशाळेतही तीच दृष्टी लागते. पदार्थ ‘मुळातच तसा’ नसतो. कोपऱ्यावरील एक गट बदलला की त्याचा स्वभाव पालटतो. म्हणून पालकांना आमची विनंती आहे : मुलीने किंवा मुलाने रसायनशास्त्र निवडले, तर ‘ते आपल्यासाठी नाही’ असे म्हणू नका. माणसाची घडणही परिस्थितीवर अवलंबून असते, आणि परिस्थिती बदलणे आपल्या हाती आहे.