गुप्तवार्ता खात्यात फाइल सांभाळणारेही लागतात

नांदेड-लातूरच्या पट्ट्यात बारावीनंतरचा विचार बहुतेक घरांत ‘नीट’पासून सुरू होतो आणि ‘नीट’पाशीच संपतो. त्या चौकटीबाहेरचे नाव मुलाने काढले की घर धास्तावते. धर्माबाद, बिलोली, उमरीकडच्या पालकांचा एक प्रश्न हल्ली वारंवार कानावर येतो. “सर, पोरगं आयबीचा फॉर्म भरायचं म्हणतंय. लेकराच्या जिवाला धोका तर नाही ना? अन् ते कुठं राहतंय, काय करतंय, हे आम्हाला तरी कळंल का?”

ही काळजी खरी आहे, पण तिच्यामागचे चित्र सिनेमातून आलेले आहे. आयबी म्हणजे केंद्राची इंटेलिजन्स ब्युरो; अशी गुप्तवार्ता यंत्रणा हे आधी एक सरकारी कार्यालय असते. तिथे सेवापुस्तके असतात, रजेचे अर्ज असतात, बदलीचे आदेश निघतात. प्रवासभत्त्याची बिले, औषधोपचाराच्या खर्चाची प्रतिपूर्ती, ज्येष्ठता यादी, पदोन्नती समितीच्या बैठका, निवृत्तिवेतनाचे प्रस्ताव हे सगळे असते. तहसील कार्यालयात ज्याला आपण आस्थापना शाखा म्हणतो, तेच हे काम. मात्र तहसीलमधली बदल्यांची यादी आदेशाआधी चहाच्या टपरीवर पोचली तर चार दिवस चर्चा होते, एवढेच. गुप्तवार्ता खात्यात कोण कुठे नेमलेला आहे ही माहितीच जपायची असते. ती यादी बाहेर गेली, तर दूर कुठेतरी काम करणारा माणूस आणि त्याचे कुटुंब उघडे पडते. म्हणून इथल्या आस्थापना लिपिकावरही मैदानात फिरणाऱ्या अधिकाऱ्याइतकाच विश्वास टाकावा लागतो. हे काम दुय्यम नाही, आणि मुलांनी ते दुय्यम समजून टाळू नये, असे मला मनापासून वाटते.

ही कागदाची बाजू किती महत्त्वाची असते, हे महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. 26/11 च्या हल्ल्यानंतर राज्य शासनाने डिसेंबर 2008 मध्ये माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान आणि माजी पोलीस व गुप्तचर अधिकारी वप्पाला बालचंद्रन यांची समिती नेमली. गुप्तवार्तेचे इशारे राज्य शासनाच्या पातळीवर कसे हाताळले जातात यात गोंधळ होता, असे या समितीने नोंदवले. पत्र येते, त्यावर आवक क्रमांक पडतो, ते कोणापुढे ठेवायचे, किती वेळात, आणि कारवाई झाली का हे कोणी विचारायचे, ही घडी बसलेली नसेल तर मोठ्या कष्टाने मिळवलेली खबरही फाइलमध्ये नेहमीचे टपाल होऊन पडते. त्यानंतरच्या काळात राज्य गुप्तवार्ता विभागाकडे जास्त लक्ष दिले गेले आणि पुण्यात महाराष्ट्र गुप्तवार्ता प्रबोधिनीत प्रशिक्षणाची सोय झाली.

धर्माबादकरांना उदाहरणासाठी मुंबईपर्यंत जायचीही गरज नाही. गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्यावरून आंध्र प्रदेशाशी झालेला वाद तालुक्याने अनुभवला आहे. जुलै 2010 मध्ये चंद्राबाबू नायडू आपल्या आमदार-खासदारांसह बंधारा पाहायला सीमा ओलांडून आले, त्यांना अटक झाली आणि धर्माबादच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत ठेवण्यात आले. तालुक्याचे गाव काही दिवस दोन राज्यांच्या बातम्यांत होते. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 28 फेब्रुवारी 2013 रोजी आला, आणि त्यानुसार बंधाऱ्याचे दरवाजे 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. अशा प्रसंगी किती गाड्या येणार, कोणत्या रस्त्याने येणार, जमावाचा सूर काय आहे, हे आधी कळणे म्हणजे गुप्तवार्ता. ठाण्यातला गोपनीय शाखेचा पोलीस, जिल्ह्याची विशेष शाखा, राज्याचा विभाग आणि केंद्राची आयबी अशी ही साखळी आहे. आता याची दुसरी बाजू पाहा. त्या दिवशी तेलुगू कळणारा माणूस कोण? तो रजेवर आहे का? त्याला दुसऱ्या जिल्ह्यातून आणायचे तर आदेश कोण काढणार, राहण्याची सोय काय, भत्ता कोणत्या शीर्षाखाली? हे ज्याला पाच मिनिटांत सांगता येते, तो मनुष्यबळ सांभाळणारा माणूस कार्यालयाचा कणा असतो.

आणि धर्माबादच्या मुलाला भाषेची देणगी घरबसल्या मिळालेली असते. बासरच्या यात्रेत, मिरचीच्या बाजारात, सिकंदराबाद-मनमाड मार्गावरच्या गाडीत तो तेलुगू, दखनी उर्दू, हिंदी ऐकत वाढतो. आपल्याकडे याला कोणी शिक्षण मानत नाही. आयबीच्या सिक्युरिटी असिस्टंट (एक्झिक्युटिव्ह) पदाच्या जाहिरातीत मात्र प्रत्येक राज्यातल्या कार्यालयापुढे स्थानिक भाषा छापलेल्या असतात आणि त्या भाषेतून इंग्रजीत व इंग्रजीतून त्या भाषेत अनुवादाची परीक्षा होते. या पदाला दहावी पुरते. त्या-त्या राज्याचे अधिवास प्रमाणपत्र लागते. वयोमर्यादा 18 ते 27, वेतनस्तर 3, म्हणजे मूळ वेतन 21,700 रुपयांपासून. त्यावरचे पद असिस्टंट सेंट्रल इंटेलिजन्स ऑफिसर, ग्रेड दोन. त्याला कोणत्याही शाखेची पदवी चालते, वय तेच, वेतनस्तर 7, सुरुवात 44,900 रुपये. दोन्हींवर मूळ वेतनाच्या 20 टक्के विशेष सुरक्षा भत्ता मिळतो. 2025 मध्ये या दोन पदांसाठी मिळून आठ हजारांवर जागांची जाहिरात होती. दरवर्षी एवढ्या निघतीलच असे धरून मात्र चालू नये.

प्रशासनाचीच आवड असेल तर दरवाजा वेगळा आहे आणि तो फार थोड्या पालकांना ठाऊक असतो. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर पातळीवरील परीक्षेत, म्हणजे सीजीएलमध्ये, आयबीतल्या असिस्टंट सेक्शन ऑफिसरचे पद असते. तेही वेतनस्तर 7 चे. टिपणी लिहिणे, नियम शोधून प्रकरण वरच्या अधिकाऱ्यापुढे मांडणे, आस्थापनेच्या फाइली हलत्या ठेवणे हे त्याचे काम. बारावीनंतर लघुलेखनाची वाटही चांगली आहे. आयोगाच्या स्टेनोग्राफर परीक्षेत ड श्रेणीला मिनिटाला 80 आणि क श्रेणीला 100 शब्दांचा वेग लागतो. लघुलेखनाचे वर्ग आता ओस पडलेत, पण मंत्रालये आणि केंद्रीय कार्यालये अजून माणसे मागतात. संघ लोकसेवा आयोगातून भारतीय पोलीस सेवेत जाऊन पुढे या यंत्रणांत प्रतिनियुक्तीवर जाण्याचा मार्गही आहेच. महाराष्ट्र केडरचे दत्ता पडसलगीकर अनेक वर्षे आयबीत होते, मग मुंबईचे पोलीस आयुक्त, राज्याचे पोलीस महासंचालक आणि पुढे उप राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले. परदेशातील गुप्तवार्ता पाहणाऱ्या, 21 सप्टेंबर 1968 ला स्थापन झालेल्या रॉची भरती मात्र बरीचशी पडद्याआड होते. तिच्या नावाने कोणी ‘सीट’ देतो म्हणाला तर तो फसवतो आहे असेच समजा.

जातीच्या प्रमाणपत्राबाबत आपल्या भागातल्या मुलांचे फार नुकसान होते, म्हणून इथे थांबतो. राज्यातले विमुक्त जाती-भटक्या जमाती हे गट केंद्राच्या भरतीत त्या नावाने नाहीत. बंजारा, धनगर, वंजारी हे समाज तिथे इतर मागास वर्गात धरले जातात. त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातले जात व नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र वेगळे काढावे लागते. राज्याचे एसईबीसी आरक्षण केंद्रात चालत नाही. सीमेपलीकडचे बंजारा नातेवाईक तेलंगणात अनुसूचित जमातीत येतात, म्हणून इथला मुलगा तसा अर्ज भरून बसतो आणि कागदपत्रांच्या तपासणीत बाद होतो. जाहिरात यायच्या आधीच सेतू केंद्रात जा. अधिवास प्रमाणपत्राला राज्यातला पंधरा वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. शाळा बासर, निजामाबादकडे झाली असेल तर पुरावे जुळवायला वेळ लागतो.

निवडीनंतरची खरी परीक्षा म्हणजे चारित्र्य पडताळणी, आणि तिच्याबद्दल कोचिंगमध्ये कोणी काही सांगत नाही. पडताळणीच्या नमुन्यात मागचे पत्ते, शिक्षण, कधी गुन्हा दाखल झाला का, अटक झाली का, खटला चालू आहे का, हे विचारतात. मराठवाड्यातली तरुण पोरे आंदोलनात उतरतात. रास्ता रोकोत, मोर्चात नाव आले, गुन्हा नोंदला गेला, पुढे निर्दोष सुटले किंवा प्रकरण मिटले. मग काका-मामा सल्ला देतात, “लिहू नको, कोण बघतंय.” हा सल्ला घातक आहे. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विषय सविस्तर हाताळला. उमेदवाराने दिलेली माहिती खरी हवी, असे न्यायालयाने बजावले. किरकोळ स्वरूपाचे प्रकरण असेल तर नियुक्ती देणाऱ्याला ते समजून घेण्याची मोकळीक आहे, हेही सांगितले. खरे लिहिले म्हणून नोकरी मिळेलच असे नाही, कारण उमेदवार योग्य आहे की नाही हे खाते तरीही ठरवू शकते. पण लपवलेले सापडले की लपवणे हाच वेगळा दोष होतो. ज्या खात्याचे कामच माहिती काढणे आहे, त्याच्यापासून ठाण्याच्या रजिस्टरमधली नोंद लपेल कशी? मुलाने काय लिहावे हे घरात बसून ठरवा, आणि जे घडले तेच लिहा.

आता नोकरीत काय सोडावे लागते ते. 1979-80 च्या सुमारास या यंत्रणांतल्या कर्मचाऱ्यांनी संघटना उभ्या केल्या होत्या, रॉमध्ये तर कामबंदही झाले. पुढे घटनेच्या अनुच्छेद 33 मध्ये दुरुस्ती होऊन 1985 मध्ये गुप्तवार्ता संघटनांच्या कर्मचाऱ्यांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा कायदा आला. त्यानुसार कामगार संघटनेत किंवा राजकीय संघटनेत जाता येत नाही, परवानगीशिवाय वर्तमानपत्रांशी बोलता येत नाही. भंग केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आयबी आणि रॉ माहिती अधिकार कायद्याच्याही बाहेर आहेत. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांपुरताच अपवाद आहे. 2021 पासून निवृत्त झाल्यावरही कामाविषयी लिहायचे तर आधी मान्यता घ्यावी लागते. याचा अर्थ कर्मचाऱ्याला गाऱ्हाणे मांडण्याचा रस्ता बहुतांशी खात्याच्या आतच आहे. अशा ठिकाणी रजा, बदली, पदोन्नती पाहणारा माणूस प्रामाणिक आणि नियम जाणणारा असणे किती गरजेचे, हे वेगळे सांगायला नको. संघटनेचा पाठिंबा नसलेल्या सहकाऱ्याचे हक्क त्या टेबलावरच जपले जातात किंवा बुडतात. लोकप्रशासन घेऊन बीए करणाऱ्या मुलामुलींनी सेवानियम मनापासून वाचावेत, ते यासाठी.

राहिला घरच्यांचा प्रश्न. मुलगा कुठे राहतो हे आईवडिलांना कळते. तो सणाला येतो, लग्न करतो, कर्ज काढून घर बांधतो. टेबलावरच्या कामात जिवाचा धोका इतर केंद्रीय कार्यालयांहून फारसा वेगळा नसतो; मैदानातल्या कामात काही ठिकाणी तो असतो, आणि ते नाकारून चालणार नाही. घरच्यांना सवय बदलावी लागते ती बोलण्याची. “कुठे आहे पोरगा?” म्हटल्यावर “केंद्र सरकारच्या नोकरीत” एवढे उत्तर पुरेसे आहे. निवड झाल्यावर चौकात फ्लेक्स लावणे, व्हॉट्सॲपवर नियुक्तिपत्राचा फोटो फिरवणे हे मात्र टाळाच. ब्रिटनची एमआय-5 मनुष्यबळ विभागातल्या जागाही उघडपणे जाहीर करते, पण अर्ज केल्याचे जवळच्या माणसाखेरीज कोणाला सांगू नका, अशी सूचना सोबत देते.

मुलींच्या पालकांनीही हा लेख आपल्यासाठी नाही असे समजू नये. वर सांगितलेली पदे मुलींना खुली आहेत.

सीजीएलमध्ये पदांचा पसंतीक्रम भरावा लागतो, आणि तिथे मुले घाईत चूक करतात. आयबीतले पद देशात कुठेही बदली होऊ शकणारे आहे. मुलगा शांत आहे, नेटके लिहितो, ऐकलेले पोटात ठेवतो, आणि घराला त्याचे दूर राहणे पेलवते, तर हे पद वर ठेवा. आईवडील आजारी आहेत, शेती बघायला दुसरे कोणी नाही, किंवा मुलाला दिवसभराचे सगळे मित्रांना सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, तर आयकर, टपाल किंवा लेखापरीक्षणाची पदे आधी टाका. अभ्यास तोच, परीक्षा तीच. क्रम भरायची मुदत संपायच्या आधी एक संध्याकाळ मोबाइल बाजूला ठेवून घरातल्या सगळ्यांनी ती यादी वाचावी.