घराशेजारचा उंच वृक्ष
(पाठ : अनुवाद २२:८)

नवे घर बांधणाऱ्याने धाब्यास कठडा करावा. तो नसल्यामुळे कोणी पडून मेला तर दोष त्या घरावर येईल, अशी आज्ञा मोशेच्या द्वारे इस्राएलास झाली. आपल्या पुष्कळ घरांस धाबे नाही, परंतु छपरावर ओणवलेली चिंच किंवा गुलमोहर आहे. जो धोका आपणांस दिसतो त्याचा जाब आपणांस द्यावा लागेल, हेच या आज्ञेचे मर्म होय.

यास्तव पावसाळ्यापूर्वी झाडाची परीक्षा करावी. बुंध्याशी अळंबी उगवली आहे काय? ठोकल्यास पोकळ आवाज येतो काय? ही अंतरीच्या कुजीची चिन्हे आहेत. झाड नव्याने कलले असून मुळांजवळची जमीन भेगाळली असल्यास त्या बाजूस कोणी निजू नये.

तथापि भयाने सुदृढ वृक्ष तोडू नये. वेढ्याच्या समयीही फळझाडे राखावी, असे त्याच ग्रंथात सांगितले आहे (२०:१९). वाळलेली फांदी जाणत्या मनुष्याकडून उतरविल्याने पुष्कळदा काम भागते. आंबा, चिंच, फणस, जांभूळ इत्यादी झाडे समूळ तोडण्यास महाराष्ट्रात १९६४ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते.

मंडळीस प्रश्न : आपल्या झाडाची वाळलेली फांदी शेजारच्या विधवेच्या छपरावर तर नाही ना?